गाणं संपू तरी द्या

परवा पुन्हा तेच झालं. आम्ही पाचजण जमलो होतो आणि मी रॉक गायक नील यंगचा 'टुनाइट्स द नाइट' हा अल्बम रेकॉर्डप्लेअरवर लावला होता. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं, 'मेलो माय माइंड', त्यांना ऐकवायचंच असं दोन दिवसांपासून डोक्यात होतं. त्या गाण्यात एका जागी तो वरचा सूर घ्यायला जातो आणि आवाज फाटतो. तो सूर लागत नाही आणि तो झाकायचा प्रयत्नही तो करत नाही. ती जागा येणार तेवढ्यात एकाने हात पुढे करून सुई उचलली. "अरे, याला गाता येत नाही यार. काहीतरी चांगलं लाव."

माझं डोकं फिरलं. अजूनही ताळ्यावर नाही.

गाता येत नाही म्हणजे काय? या अल्बममधली बहुतेक गाणी 1973 मध्ये रेकॉर्ड झाली. त्याच्या आदल्या नोव्हेंबरात त्याच्या बँडचा गिटारिस्ट डॅनी व्हिटन ड्रग्जपायी गेला होता. पाठोपाठ ब्रूस बेरी, त्यांची वाद्यं सांभाळणारा मुलगा, तोही तसाच गेला. उरलेले एका खोलीत जमले, रात्र रात्र वाजवत बसले आणि जे वाजलं ते चुकांसकट ठेवलं. रेकॉर्ड बाहेर यायला 1975 उजाडलं. 'मेलो माय माइंड'च्या आधीचं गाणं कोण गातंय? व्हिटन स्वतः! 1970 च्या एका कार्यक्रमातलं रेकॉर्डिंग आहे ते. म्हणजे मेलेल्या मित्राचा जिवंत, दणदणीत आवाज संपतो आणि लगेच त्याच्यामागे राहिलेल्याचा फाटका आवाज सुरू होतो. ही दोन गाणी अशी शेजारी ठेवली आहेत म्हणून तो फाटलेला सूर काळजात जातो. तुम्ही नेमकी तिथेच सुई उचललीत.

आणि हे एकट्या नील यंगचं नाही. स्वतःची गाणी स्वतः लिहून गाणाऱ्या बॉब डिलनचं नाव काढलं की पहिलं वाक्य ठरलेलं. "लिहितो भारी, पण आवाज? त्याची गाणी दुसऱ्यांनीच गावीत." का? 1969 चा त्याचा 'नॅशव्हिल स्कायलाइन' हा अल्बम काढून ऐका. गुळगुळीत, गोड, ओळखूही येत नाही इतका मऊ आवाज लावलाय त्याने. त्याला तसं गाता येत होतं. बाकीच्या वेळी त्याने तसं गायलं नाही, कारण त्या शब्दांना तो गोडवा नको होता. राग आलेला माणूस घशातून बोलतो, नाकातून बोलतो, मधेच शब्द चावतो. तो तेच करतो. हे ऐकू येत नसेल तर तुमचा कान आळशी आहे, त्याचा गळा वाईट नाही.

मग हमखास पुढचा हुकमी एक्का पडतो, डिलनचंच गाणं पण गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्सने केलेलं. "'ऑल अलाँग द वॉचटॉवर' बघ ना, हेंड्रिक्सने कुठल्या कुठे नेलं!" नेलंच. माझ्या अंगावर अजून काटा येतो. डिलनचं मूळ गाणं 1967 च्या डिसेंबरात आलं. जेमतेम अडीच मिनिटांचं, अकूस्टिक गिटार, हार्मोनिका, मागे बेस आणि ड्रम. महिनाभराच्या आत हेंड्रिक्स लंडनच्या स्टुडिओत ते वाजवत होता. पण त्याने ते का घेतलं? त्याला त्यात काहीतरी ऐकू आलं म्हणून! आणि हे तर हजारदा छापून आलंय की हेंड्रिक्सला स्वतःच्या आवाजाचा भयंकर न्यूनगंड होता, डिलनला ऐकून त्याला वाटलं की असा आवाज असूनही गाता येतं, मग आपणही गाऊ. ज्या आवाजाला तुम्ही नावं ठेवता त्याच्याच जोरावर तुमचा हेंड्रिक्स माइकसमोर उभा राहिला. आणि तुम्ही त्या दोघांना कोंबड्यांसारखं झुंजवताय.

कव्हरवरून, म्हणजे एकाचं गाणं दुसऱ्याने आपल्या ढंगात गायलं की त्यावरून, चालणारी भांडणं तर मला सहनच होत नाहीत. एक टोळी म्हणते, मूळ ते मूळ, बाकी सगळी नक्कल. दुसरी टोळी म्हणते, कव्हरने मूळ गाण्याला खाऊन टाकलं. दोन्ही टोळ्यांनी दोन्ही गाणी सलग ऐकलेली नसतात, हे मी पैजेवर सांगतो.

'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स' घ्या. बीटल्सच्या 1967 च्या रेकॉर्डवर रिंगो ते साध्यासुध्या उड्या मारत्या ठेक्यात गातो, मित्रांमध्ये बसून म्हटल्यासारखं. पुढच्याच वर्षी जो कॉकरने चाल तीच ठेवली पण ठेका मोडून संथ, झुलता केला आणि गळा फाडून त्याची आर्त हाक केली. शब्द तेच, पण रिंगो मित्रांच्या भरवशावर निवांत आहे आणि कॉकर मित्रांवाचून बुडतोय. हे दोन वेगळे माणूस आहेत. यात "कोण जिंकलं" हा प्रश्न सुचतो तरी कसा?

'हर्ट'चंही तेच. ट्रेंट रेझ्नरने ते 1994 मध्ये नाइन इंच नेल्स या आपल्या बँडसाठी लिहिलं, तेव्हा तो तिशीच्या आत होता. 2002 मध्ये कंट्री गायक जॉनी कॅशने सत्तरीत ते गायलं, एक शिवी काढून तिथे 'काटे' हा शब्द घातला, बाकी शब्द जवळजवळ तेच ठेवले. तरुण माणसाच्या तोंडी ते स्वतःला संपवायला निघाल्यासारखं वाटतं, म्हाताऱ्याच्या तोंडी सगळा हिशेब मांडून बसल्यासारखं. खुद्द रेझ्नर म्हणाला की आता हे गाणं माझं राहिलं नाही. लिहिणाऱ्याला एवढं मोठं मन आहे. भांडतात कोण, तर ज्यांनी कॅशचा व्हिडिओ एकदा बघितला आणि रेझ्नरचं शेवटपर्यंत ऐकलंच नाही ते! त्या गाण्याच्या शेवटी गिटारचा जो अंगावर येणारा कर्कश आवाज फुटतो आणि कितीतरी वेळ तसाच गुरगुरत राहतो, तो त्यांना माहीतच नाही.

गायक बदलला की तर काय, सुतकच. गायक ऑझी ऑस्बर्नशिवाय ब्लॅक सॅबथ हा बँडच नाही म्हणे. 1980 चा त्यांचा 'हेवन अँड हेल' हा अल्बम ऐकलात? रॉनी जेम्स डिओ हा नवा गायक आल्यावर रिफसुद्धा, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या धूनसुद्धा, बदलल्या, कारण त्याच्या आवाजाला उडायला मोकळी जागा लागायची. तो दुसराच बँड होता आणि तोही जबरदस्त होता. पण नाही, आपण एका बाजूला नाव नोंदवलंय ना, मग दुसरी बाजू ऐकायचीच नाही.

याद्यांवर विसंबणाऱ्यांचं मात्र मला काही म्हणजे काही कळत नाही. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या 2003 च्या सर्वोत्तम अल्बमच्या यादीत बीटल्सचा 'सार्जंट पेपर' पहिला होता. 2020 च्या यादीत तो चोविसावा आणि मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिला. सतरा वर्षांत दोन्ही रेकॉर्डांमधला एक सूर तरी हलला का? मत देणारी माणसं बदलली, बस्स. तरी लोक तो आकडा पुरावा म्हणून तोंडावर फेकतात. दुसरीकडे "ओव्हररेटेड" म्हणणारे. पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' ओव्हररेटेड, बीटल्सचा 'अ‍ॅबी रोड' ओव्हररेटेड. विचारलं की कळतं, शफलवर टाकून भांडी घासताना दोन गाणी कानावर पडली होती. 'अ‍ॅबी रोड'च्या दुसऱ्या बाजूला अर्धीमुर्धी गाणी एकमेकांत गुंफली आहेत, त्यातलं एक उपटून काढलं तर ते अर्धवटच वाटणार! ज्या धडधडीने 'डार्क साइड' सुरू होतो त्याच धडधडीने तो संपतो. मधली बेचाळीस-त्रेचाळीस मिनिटं न ऐकता तुम्ही निकाल कसला देता?

नाही आवडलं तर नाही आवडलं, मला त्याचं काही नाही. मला स्वतःला रश या बँडचा पहिला अल्बम कितीतरी दिवस झेपला नव्हता, त्यांचा गायक गेडी ली वरच्या पट्टीत गेला की दात आंबायचे. पण मी पूर्ण ऐकला. तीनदा ऐकला. मग म्हटलं की मला जमत नाहीये. "याला गाता येत नाही" असं म्हटलं नाही.

ते सगळे गेल्यावर मी सुई पुन्हा त्याच गाण्याच्या सुरुवातीला ठेवली. तो सूर फाटला. एकट्यानेच ऐकला, आणि ज्यांच्यासाठी लावला होता ते नव्हते याचाच जास्त संताप आला. पुढच्या वेळी मी प्लेअरच्या शेजारी बसणार आहे. बाजू संपेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, कुणी बोलायचं नाही. ज्याला तेवढा वेळ तोंड मिटून बसवत नाही त्याने खुशाल बाहेर जाऊन उभं राहावं.