‘युरोपात उपचार फुकट’ हा फॉरवर्ड आणि वस्तुस्थिती

सार्वजनिक आरोग्य शिकायला युरोपात निघालेल्या मुलामुलींना हा मजकूर हमखास फॉरवर्ड होतो: ‘युरोपात दवाखाना सरकारी आणि फुकट. सगळ्या देशांत तेच. तुलना कसली करणार? आकडे घरबसल्या मिळतात, आणि आपल्याकडे त्याचा उपयोगही नाही.’ यातलं एकही वाक्य जसंच्या तसं टिकत नाही.

आधी ‘फुकट’ घेऊ. नेदरलँड्समध्ये २००६पासून प्रत्येक प्रौढाला खासगी कंपनीचा विमा घ्यावाच लागतो. दरमहा हप्ता भरूनही इस्पितळाच्या खर्चातले वर्षाचे पहिले ३८५ युरो खिशातून जातात. जर्मनीत इस्पितळात दाखल झालात तर दिवसाला १० युरो, वर्षात जास्तीत जास्त २८ दिवसांचे. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, करावर चालते, तिथे डॉक्टर पैसे मागत नाही, हे खरं. पण सहा महिन्यांहून मोठ्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला व्हिसाच्या वेळीच वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो.

‘सगळीकडे तेच’ तर एका देशातही खरं नाही. ब्रिटनमध्येच बघा: औषधाच्या चिठ्ठीवर इंग्लंडमध्ये शुल्क आहे. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये नाही. जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क याने १८८३मध्ये कामगारांसाठी सुरू केलेला आजारपणाचा विमा मालक आणि कामगार यांच्या वर्गणीवर उभा राहिला. १९४८ची एनएचएस सरकारी तिजोरीवर. पैसा कुठून येतो यावर पुढचं बरंच काही ठरतं.

घरबसल्या आकडे जरूर मिळतात. पण आकड्यांमागचा रोजचा व्यवहार दवाखान्यातच दिसतो. जर्मनीत पेशंट दर तिमाहीत पहिल्यांदा आला की त्याचं विम्याचं कार्ड यंत्रात घालतात, कारण फॅमिली डॉक्टरच्या मोबदल्याचा मोठा भाग तिमाहीला ठोक असतो, पेशंट कितीही वेळा आला तरी. हे कळलं की ‘पुढच्या तिमाहीत या’ या उत्तराचा अर्थ लागतो. नेदरलँड्समध्ये डॉक्टरची फोनवरची सहायकच आधी लक्षणं विचारते आणि आज यायचं की थांबायचं ते ठरवते. बोलोन्या (इटली), रॉटरडॅम (नेदरलँड्स), इन्सब्रुक (ऑस्ट्रिया) आणि ओस्लो (नॉर्वे) इथल्या संस्थांचा आरोग्य-अर्थशास्त्राचा संयुक्त अभ्यासक्रम आहे. त्यात एका देशात शिकून मुलं दुसऱ्या देशात जातात, ती यासाठीच.

आणि ‘आपल्याला उपयोग नाही’ हे वाचून तर खरंच वाईट वाटतं. पगारातून कापला जाणारा आपला ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, बिस्मार्कच्याच वाटेचा: ०.७५ टक्के कामगाराचे, ३.२५ टक्के मालकाचे. प्राथमिक आरोग्य केंद्र करावर चालतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत खासगी इस्पितळाला ठरलेल्या दराने पैसे मिळतात. तिन्ही पद्धती एकाच तालुक्यात शेजारी शेजारी चालू आहेत. कुठल्या दरात इस्पितळ पेशंट घेतं, कुठल्या दरात टाळतं, वर्गणी न भरणाऱ्या शेतमजुराला कशात सामावायचं, या प्रश्नांवर युरोपातल्या देशांनी वेगवेगळे उपाय करून पाहिले आहेत. आमच्या मुलांना ते तिथे जाऊन बघू द्या.