ब्रेबॉर्न ‘कायमचं बंद’ पडलं म्हणे!

क्रिकेटचा हंगाम आला की एक मेसेज हमखास फिरतो: ‘भारतातली पहिली कसोटी जिथे झाली ते मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम इंग्रज सरकारने बांधलं. पुढे विजय मर्चंट आणि वानखेडे यांचं तिकिटांवरून वाजलं, वानखेडे स्टेडियम उभं राहिलं आणि ब्रेबॉर्न कायमचं बंद पडलं.’ यात भांडण आणि त्यातून उभं राहिलेलं वानखेडे तेवढं खरं.

पहिली कसोटी डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर झाली. लाला अमरनाथांचं ११८ धावांचं शतक तिथलंच. ब्रेबॉर्नचं उद्घाटन डिसेंबर १९३७ मधलं आणि तिथली पहिली कसोटी १९४८ ची, वेस्ट इंडीजविरुद्ध.

सरकारने बांधलं, हेही नाही. समुद्रात भर घालून मिळवलेली ती जमीन क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने सरकारकडून विकत घेतली आणि स्टेडियम बांधलं. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांच्या मदतीने जमीन मिळाली, म्हणून त्यांचं नाव.

आता भांडण. मैदान क्लबचं, सामन्याचं यजमानपद मुंबईच्या क्रिकेट असोसिएशनचं, आणि तिकिटं किती द्यायची हे ठरवणार क्लब. यजमानालाच आपल्या सामन्याची तिकिटं मागत फिरावं लागत असेल तर आज ना उद्या तो स्वतःचं मैदान शोधणारच. क्लबचे मर्चंट आणि असोसिएशनचे वानखेडे यांचा वाद हे निमित्त. चर्चगेटजवळच, चालत दहा मिनिटांच्या अंतरावर, वर्षभराच्या आसपास काळात वानखेडे उभं राहिलं. जानेवारी १९७५ च्या पहिल्याच कसोटीत क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ ठोकले.

मग ब्रेबॉर्न बंद पडलं का? फेब्रुवारी १९७३ नंतर तिथे ३६ वर्षं कसोटी झाली नाही, हे कबूल. पण १९९८ मध्ये मुंबईकडून खेळताना सचिनने शेन वॉर्नसह ऑस्ट्रेलियाला नाबाद २०४ धावांचा तडाखा दिला, तो इथेच. २००६ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीची अंतिम लढत इथली. डिसेंबर २००९ मध्ये कसोटीही परतली: सेहवागने २९३ केले आणि तो सामना जिंकून भारत कसोटी क्रमवारीत पहिल्यांदा अव्वल ठरला. मेसेज लिहिणाऱ्याने निदान ही कसोटी तरी विसरायला नको होती!

२०१३ च्या महिला विश्वचषकाची आणि २०२३, २०२५ च्या डब्ल्यूपीएलची (महिला प्रीमियर लीग) अंतिम लढतही ब्रेबॉर्नवरच. शिवाय क्लबच्या आवारात टेनिसच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात, आणि २००३ मध्ये याच मैदानावर रोलिंग स्टोन्स गाऊन गेले.