पंचेचाळिशीनंतर गँगस्टा रॅप ऐकू नये काय?

एक विधान गेले काही महिने समाजमाध्यमांवर फिरते आहे आणि माझ्या वयाचे, म्हणजे पंचेचाळिशी ओलांडलेले, अनेक मित्र ते मान डोलावत पुढे पाठवत आहेत. त्याचा आशय असा: गँगस्टा रॅप, म्हणजे अमेरिकी शहरांतल्या टोळ्या, अमली पदार्थ आणि पोलीस यांच्यावरचे रॅप, हे मिसरूड फुटण्याच्या वयातले वेड आहे, त्यात हिंसेचे उदात्तीकरण आणि बायकांना दिलेल्या शिव्या यांपलीकडे काही नाही, गाणारे ते आयुष्य जगलेलेही नसतात, आणि ज्या काळातून ते आले तो काळ संपला असल्याने प्रौढ माणसाने त्याला गंभीरपणे घेण्याचे कारण उरलेले नाही. यातला बायकांविषयीचा आरोप खरा आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. बाकीचे आरोप मात्र गाणी नीट ऐकली असती तर करता आले नसते.

उदात्तीकरणाचा मुद्दा आधी घेतो, कारण सारा डोलारा त्यावरच उभा आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या ‘गेटो बॉइज’ या रॅप गटाने 1991 साली ‘माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी’ हे गाणे काढले. सोल संगीतातल्या आयझॅक हेजच्या एका जुन्या रचनेतून उचललेली गिटारची संथ सुरावट त्यात अखेरपर्यंत फिरत राहते आणि तिच्यावर चार कडव्यांत हिंसेने पोखरलेली मने बोलतात. एकाला झोप लागत नाही. तो चार भिंतींच्या खोलीत मेणबत्त्यांकडे बघत बसलेला असतो. दुसऱ्याकडे पैसा आहे, गाड्या आहेत, नाव आहे, परंतु रात्री आपल्या मागे एकच गाडी लागली आहे असे त्याला वाटत राहते. ती जवळ येते, तो बंदुकीच्या चापावर बोट ठेवतो, आणि गाडीत निघतात तीन आंधळेपांगळे म्हातारे. शेवटच्या कडव्यात हॅलोविनच्या रात्री एका धिप्पाड माणसाला बडवून काढल्याचे वर्णन येते. मग कळते की समोर कोणी नव्हतेच, तो हॅलोविनही नव्हता, आणि निवेदकाच्या मुठी रक्ताळल्या आहेत त्या काँक्रीटवर आपटून. ज्याला यात हिंसेचे उदात्तीकरण दिसते, त्याने ते गाणे शेवटपर्यंत ऐकलेले नाही, असे मला नाइलाजाने म्हणावे लागते.

सगळी गाणी या तोडीची नसतात, हे उघड आहे. बढाईखोर आणि पोकळ गाण्यांचा ढीग मोठा आहे, आणि रॅपर आणि निर्माता डॉ. ड्रेच्या 1992 मध्ये आलेल्या ‘द क्रॉनिक’ या अल्बमच्या यशानंतर तो आणखी वाढला. पण कोणत्याही कलाप्रकाराचे मोल त्यातल्या ढिगावरून ठरवायचे असेल, तर नाट्यसंगीताचीही धडगत नाही.

“हे लोक ते आयुष्य जगलेलेच नाहीत” हा आरोप तर मला गंमतीचाच वाटतो. रॅपर आइस क्यूब टोळीवाला नव्हता, ‘एन.डब्ल्यू.ए.’ या त्याच्या लॉस एंजेलिस परिसरातल्या गटाच्या सुरुवातीच्या काळात तो वास्तुरेखाटनाचे शिक्षण घेत होता. मग काय बिघडले? त्या गटाचे पोलिसांना शिवी हासडणारे 1988 सालचे गाणे मुळात कोर्टातले नाटक आहे: गटातलाच डॉ. ड्रे न्यायाधीशाच्या खुर्चीत, बाकीचे साक्षीच्या पिंजऱ्यात आणि आरोपी म्हणून उभा पोलीस. दुसऱ्या वर्षी एफबीआयच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला निषेधाचे पत्र पाठवले, त्यात 1988 साली कर्तव्यावर मारल्या गेलेल्या 78 पोलिसांची आठवण करून दिली, आणि नाटकाला चिथावणी ठरवले. पुढे मार्च 1991 मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या काळ्या माणसाला केलेली मारहाण व्हिडिओवर टिपली गेली, एप्रिल 1992 मध्ये खऱ्या ज्युरीने त्या पोलिसांना जवळपास सर्व आरोपांतून सोडले, आणि त्यानंतरच्या दंगलीत साठाहून अधिक माणसे गेली.

गाणे खोटे म्हणून हसायचे आणि तेच कबुलीजबाब म्हणून वापरायचे, असा दुहेरी व्यवहार आजही चालू आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या रॅपर यंग थगच्या खटल्यात 2023 साली न्यायाधीशांनी त्याच्या गाण्यांतल्या काही ओळी पुरावा म्हणून मांडायला सशर्त परवानगी दिली. कॅलिफोर्नियाने मात्र 2022 मध्येच अशा वापरावर मर्यादा घालणारा कायदा केला. ‘मी’ म्हणणारा निवेदक आणि गाणे लिहिणारा माणूस यांतला फरक ज्युरीत बसलेल्या प्रौढांना कळतो की नाही, यावर तिथे कोणाची तरी वर्षे तुरुंगात जायची की नाही हे ठरू शकते. गंभीरपणे ऐकण्याची गरज आणखी कशाने सिद्ध करायची?

आता बायकांविषयीचा मुद्दा. इथे बचाव करता येत नाही आणि मी करणारही नाही. निवेदक वेगळा, लेखक वेगळा, हा युक्तिवाद या ठिकाणी लंगडा पडतो, कारण डॉ. ड्रेने 1991 साली डी बार्न्स या पत्रकार स्त्रीवर केलेला हल्ला कोणत्याही गाण्यात नव्हता, प्रत्यक्षात होता. मी ती गाणी ऐकतो तेव्हा काही कडव्यांपाशी हात आवाज कमी करायला जातो, मुलगी घरात असली तर हमखास जातो. आणि तो अवघडलेपणा टिकायला हवा असेच मला वाटते.

राहिला काळाचा प्रश्न. 1986 च्या अमेरिकी कायद्याने 5 ग्रॅम क्रॅकला, म्हणजे ओढायच्या खड्याच्या रूपातल्या कोकेनला, तीच किमान पाच वर्षांची शिक्षा लावली जी भुकटीच्या कोकेनला 500 ग्रॅमला लागत होती, आणि क्रॅकच्या शिक्षा मुख्यतः काळ्या वस्त्यांच्या वाट्याला आल्या. शंभरास एक हे प्रमाण 2010 मध्ये अठरास एकवर आणले गेले, समान केले गेले नाही. काळ संपला म्हणणाऱ्यांनी एवढा आकडा पाहावा.

शिवाय गाणारेही म्हातारे होत आहेत. कोकेनच्या धंद्यावर गाऊन नाव कमावलेल्या व्हर्जिनियाच्या ‘क्लिप्स’ या भावांच्या जोडीतला थोरला मधल्या काळात धर्माकडे वळून बाजूला झाला होता. 2025 मध्ये दोघांनी पुन्हा एकत्र अल्बम काढला, तेव्हा धाकटा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता आणि थोरल्याने ती ओलांडली होती. त्यांचे आईवडील काही महिन्यांच्या अंतराने गेले होते. त्या अल्बमचे पहिले गाणे त्यांच्यावर आहे. एक भाऊ आईशी बोलतो, दुसरा वडिलांशी. त्यानंतरच्या गाण्यांत तोच जुना धंदा आणि तीच जुनी गुर्मी परत येते, पण ती आता पोरक्या झालेल्या दोन माणसांच्या तोंडून येते, आणि विसाव्या वर्षी मला ती तशी ऐकू आली नसती.