दुधाचा खाडा आणि मावशीचा खाडा

काल रात्री बेळगावात आरपीडी क्रॉसजवळच्या टपरीवर बसलेलो, पाऊस धो धो, आम्ही चौघं ताडपत्रीखाली, आणि विषय निघाला पिंट्याच्या पोराला सांभाळणाऱ्या मावशीचा. पिंट्या म्हणाला, मावशी आठवडाभर गप्प गप्प आहे, पोराला घेते, भरवते, पण पहिल्यासारखं गुणगुणत नाही, काय झालंय कळंना. बंड्यानं विचारलं, पगार वेळेवर दिलास काय? तर हा म्हणतो, दिला की, खाडे कापून दिला.

कसले खाडे? तर जूनमध्ये मेव्हण्याच्या लग्नाला हे सगळे पुण्याला गेलेले, अकरा दिवस, त्यातले दोन रविवार सोडले तर कामाचे नऊ. "आम्ही घरातच नव्हतो तर पैसे कशाचे? दूधवाल्याचे पण कापले की." त्याच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर मी बघितलंय, दुधाच्या खाड्याला गोल, मावशीच्या खाड्याला फुली, एकाच पेनानं, एकाच चौकोनात.

मला राहवलंच नाही. अरे, तू दूध बंद केलंस तर गवळी तेच लिटर दुसऱ्या दारात घालतो, त्याचं काय अडत नाही. मावशीची एक ते सहा ही वेळ तू बांधून घेतलीयस, ती नऊ दिवसांपुरती कुणाला विकणार ती? नऊ दिवसांसाठी कोण आपलं पोर तिच्या हातात देतंय? आणि परत आल्यावर सोमवारी एकच्या ठोक्याला ती दारात पाहिजे, हे पण तुलाच पाहिजे, मग ती जागा धरून ठेवायचे पैसे नकोत?

पिंट्या चिडला. म्हणाला, "तुम्ही नुसतं बोलूलालाय. येळ्ळूरहून येते, २०२३ पासून बायकांना बस फुकट, गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार वेगळे." ते सरकार तिच्या घराला देतंय रे, तुझ्या पोराच्या शी-शूचे नव्हेत ते. हे मी जरा मोठ्यानंच बोललो, टपरीवाला पण वळून बघितला.

बंड्याचा मुद्दा मात्र मला पटण्यासारखा वाटला, तो म्हणाला फुल टाइम असती तर ठीक, अर्ध्या दिवसाच्या बाईला रजा कशी मोजायची, आणि उद्या तिनं न सांगता दांड्या मारल्या तर ते पण भरून द्यायचं काय?

तेव्हा आप्पा बोलले. आप्पा उद्यमबागेत फाउंड्रीत टाइमकीपर होते, हजेरीचा हिशेब त्यांच्या बोटावर. म्हणाले, कारखान्याचा कायदा घराला लागू होत नाही, पण त्यातला हिशेब उसना घ्यायला कोण अडवतंय? तिथं वीस दिवस कामाला एक दिवस भरपगारी रजा. मावशी आठवड्याला सहा दिवस येते, म्हणजे वर्षाचे ३१२, भागिले वीस, पंधरा दिवस. तीनच दिवस येणारी असती तर सात-आठ. तास कमी म्हणून दिवस कमी करायचे नाहीत, तिचा दिवस पाच तासांचा, तर तिची रजा पण पाच तासांची, तिच्या दिवसाच्या पैशानं. आणि आपल्या कर्नाटक राज्यानं २००४ लाच घरकामाला किमान वेतन ठरवून दिलंय, म्हणजे हे काम म्हणजे काय मेहेरबानी नव्हे, नोकरीच की. त्या पंधरा रजा तिच्या, तिच्या मर्जीनं, सौंदत्तीच्या जत्रेला जाऊ दे नाहीतर पोरीच्या बाळंतपणाला. वरचे तिचे खाडे काप, कोण नको म्हणत नाही. पण तुम्ही गावाला गेलात तर तो तुमचा खाडा, तिचा नव्हे.

मग भात लावणीचं निघालं, कारण आता चारपाच दिवस मावशी नट्टीला, म्हणजे लावणीला जाणार, तिथं तिला मजुरी मिळते. ते दिवस बिनपगारी धरले तरी चालतंय असं माझं मत, आठवडाभर आधी सांगितलं की झालं. आप्पा म्हणाले, तिला रजा शिल्लक असंल आणि त्यातनं घेते म्हणाली तर घेऊ दे, तू कोण विचारणार.

आप्पांनी अजून एक विचारलं. पगार किती? ७,८००. तिनं रोजाचे तीनशे मागितले, गुणिले २६. "मग दोन रविवारी जादा बोलावलेलंस, त्याचे किती दिलास?" पिंट्यानं महिन्याला तीसनं भागून २६० प्रमाणं दिलेले. कापताना २६ नं आणि देताना ३० नं! हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं, मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण मावशीच्या लक्षात आलेलं असणार, रोजावर जगणाऱ्या माणसाला हे हिशेब तोंडपाठ असतात.

आणि खरं सांगतो, मी एवढा का तावातावानं बोलत होतो, कारण हे मी केलंय. आमची थोरली दोन वर्षांची असताना मी असेच दिवाळीचे दिवस कापले, ती बाई काही बोलली नाही, पुढच्या एक तारखेला आलीच नाही. पोरगी आठ दिवस दुपारी खिडकीच्या गजाला धरून उभी राहायची, रस्त्यावर कुणाची पण हिरवी साडी दिसली की हाक मारायची. बायकोला नोकरीत सव्वीस आठवडे भरपगारी रजा मिळालेली, त्या रजेनंतर जिच्या जिवावर ती कामावर गेली तिला आम्ही पाडव्याचा एक दिवस देऊ शकलो नाही. अजून ते आठवलं की घशाशी येतंय.

पिंट्या बराच वेळ गप्प. मग मोबाइलवर आकडेमोड करायला लागला. नऊ दिवसांचे दोन हजार सातशे, दोन रविवारचे राहिलेले ऐंशी.

"२,७८० झाले. पुढच्या पगारात घालू काय?"

"उद्याच दे," आप्पा म्हणाले, "आणि कशाचे ते तोंडानं सांग. पंधरा रजेचं पण उद्याच सांग, कॅलेंडरच्या मागं लिहून दोघांनी बघून घ्या. आणि बायकोला यायला उशीर झाला की जादा तासाचे साठ, ते पण त्यातच लिही, तिची बस चुकते."

पिंट्यानं टपरीवाल्याकडं सुट्टे ऐंशी मागितले.