रिव्हर्सचा दिवा आणि मयड्याची केळी

आमच्या बाल्कनीत झोपाळ्याच्या कडीला सध्या केळ्यांचा अख्खा घड टांगलेला आहे. सात फण्या, सगळ्या हिरव्याकंच. झोपाळा काढून पलंगाखाली सरकवलाय. या घडाचे मी रोख आठशे रुपये मोजले आहेत, आणि त्या संध्याकाळी मी केळी घ्यायला बाहेर पडलो नव्हतो.

गोव्यातल्या मयडे गावी ऑफिसातल्या सहकाऱ्याकडे जेवायला गेलो होतो. परतताना मोबाइलवरच्या नकाशाने एका गल्लीत घातले आणि ती गल्ली एका घराच्या पायरीशी संपली. श्रावणातला पाऊस, वीज गेलेली, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे. वळायला जागा नाही. आता साठ-सत्तर पावले मागे जायचे.

गाडी २००८ सालची वॅगन आर. पंधरा वर्षे भरली तेव्हा सरकारने तिला आणखी पाच वर्षे जगायची परवानगी दिली, पण डोळे काही नवे दिले नाहीत. पुढचे दिवे लावले की रस्त्यावर हळद घातलेले दूध सांडल्यासारखे दिसते. त्यात ओला डांबरी रस्ता उजेड गिळतो. कोरड्या रस्त्यावरून निदान थोडा उजेड आपल्याकडे परत येतो. पाण्यावरून तो सरळ पुढे निसटतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. आपले दिवे आपल्याला सोडून गावाच्या उपयोगी पडतात. आणि मागचा, रिव्हर्सचा? तो लागतो की नाही हे कळण्यासाठी मागे जाऊन बघावे लागायचे.

गिअर टाकला, मान मागे वळवली. काळोख. आणि त्या काळोखातून आवाज आला, "यो!"

घराच्या बलकांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, सिमेंटच्या बाकावर पाय वर घेऊन एक आजोबा बसले होते. अर्धी चड्डी, उघडे अंग, हातात हातपंखा. त्यांच्या जागेवरून त्यांना गाडीचे फक्त नाक दिसत असणार. मागची बाजू दिसायची तर उठून चार पायऱ्या उतरायला हव्या होत्या. तो विचारही त्यांना शिवला नाही.

"यो, यो, यो... आनीक यो... जागो आसा रे..."

मी आलो. म्हणजे गेलो. गोव्यात माझी बावीस वर्षे झाली आहेत. कोंकणी मला पूर्ण समजते, बाजारात बोलताही येते, बांगड्याचा भाव मी कोंकणीतच पाडून घेतो. पण मी मूळचा कोल्हापूरचा. काळोखात, पावसात, उलट्या मानेने गाडी मागे घेताना माणसाचा मेंदू बावीस वर्षे मागे जातो. गाडीच्या आधी पोहोचतो.

"राव!" आजोबा म्हणाले.

मला बरे वाटले. परक्या गावात, अंधारात, कुणीतरी आपुलकीने 'राव' म्हणतेय. आमच्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा 'काय राव, बऱ्याच दिवसांनी' असे म्हणतात. मी आणखी थोडा क्लच सोडला.

"राव रे, राव!"

एवढा मान मला सासरीही मिळालेला नाही. मी आणखी मागे गेलो.

"राव! राव!! राव!!!"

मग मागे काहीतरी 'भच्च' झाले.

कोंकणीत 'राव' म्हणजे थांब, हे मला माहीत नव्हते असे नाही. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसमध्ये उतरताना मी स्वतः ओरडतो. ते त्या क्षणी आठवले नाही, एवढेच.

आता मात्र आजोबा उठले. सावकाश. आधी चपला शोधल्या, मग टॉर्च, मग टॉर्चचे सेल. पायऱ्या उतरून मागे आले, उजेड टाकला आणि न रागावता, इतिहासात नोंद करावी तसे म्हणाले, "हांवें तुका राव म्हळें मरे."

गाडी आणि गडगा यांच्यामध्ये एक केळ होती. होती, म्हणजे आता आडवी झाली होती. तिने जीव देऊन माझा बंपर वाचवला होता. डिकीच्या दारावर चिकाचे ओघळ. तिला लागलेला घड जमिनीवर, एक केळे न तुटता, सुखरूप. बार्देश तालुक्यातले लोक मयड्याच्या केळ्यांबद्दल बोलतात तेव्हा आवाज उतरवून बोलतात. मोठाली केळी, गोड, त्यांची फिगाद नावाची मिठाई करतात. मी बार्देशातल्या सगळ्यात मानाच्या झाडावर गाडी घातली होती.

"तुजो फाटलो दिवो पेटना," आजोबा म्हणाले. मागचा दिवा पेटत नाही, असा त्याचा अर्थ. ऐकताना मला वाटले, माझ्याबद्दलच बोलताहेत.

मग त्यांनी सांगितले की ते तीस वर्षे तारवावर होते. तारवटी, म्हणजे बोटीवरचा माणूस. रॉटरडॅमच्या बंदरात एवढी मोठी बोट (दोन्ही हात पसरून, टॉर्च गडग्यावर आपटून) धक्क्याला लावताना कधी साधा ओरखडा उठला नाही. आणि इथे एक माणूस छोटी गाडी सरळ मागे घेऊ शकत नाही. मी मान खाली घालून ऐकत होतो. बोट लावताना ते किचनमध्ये होते, हे मला दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याने सांगितले. तारवावर त्यांनी तीस वर्षे फक्त भात केला होता.

घडाचा हिशेब सुरू झाला. केळ एकदाच व्यायते, घड उतरवल्यावर ती तशीही तोडायचीच असते, असा शेतकी मुद्दा मी मांडला. आजोबांना तो मान्य होता. "पण घड कच्चा आसा मरे," ते म्हणाले. आणखी महिनाभर झाडावर हवा होता, तो महिना माझ्या गाडीने खाल्ला. आठशे. मी पाचशे म्हणालो. त्यांनी टॉर्च बंद केला. काळोखात घासाघीस करता येत नाही, समोरच्याचा चेहरा दिसायला लागतो. मी आठशे दिले. त्यांनीच घड डिकीत ठेवायला मदत केली आणि मग खरेच पुढे चालत, टॉर्च दाखवत मला गल्लीबाहेर काढले. शर्टावरचा चिकाचा डाग अजून गेलेला नाही. तो जातही नाही.

पुढच्या आठवड्यात दिवे दुरुस्त करायला म्हापशाला. तिथे जाईपर्यंत तीन सल्ले मिळाले होते. मेव्हण्याने सांगितले, पुढच्या दिव्यांच्या काचेला टूथपेस्ट घास. घासली. दोन आठवडे चकाकते, म्हणाला. चारच दिवसांत पुन्हा पिवळी. ती काच नसतेच, प्लॅस्टिक असते, पॉलिकार्बोनेट. त्यावरचा संरक्षक थर उन्हात जळून गेला की ते पिवळे पडते. टूथपेस्टने वरची खरबड थोडी निघते, थर परत येत नाही. मग सुट्या भागांच्या दुकानदाराने १०० वॉटचे बल्ब काढले. मूळचे ६०/५५ वॉटचे. "हे लावा साहेब, दिवस उगवेल." दिवस उगवण्याआधी होल्डर वितळतो, हे त्याने सांगितले नाही. दोन दुकाने सोडून बसणाऱ्या त्याच्याच भावाने सांगितले, आपले होल्डर विकताना.

तिसरा सल्ला पांढऱ्या एलईडीचा. इथे मला खरेच राग येतो. पर्वरीच्या रस्त्यावर रात्री समोरून येणारी प्रत्येक तिसरी गाडी अशी दिवे लावून येते की आपण गुन्हेगार आहोत आणि आपली चौकशी चालू आहे असे वाटते. हॅलोजनच्या तारेसाठी बनवलेल्या वाटीत एलईडी बसवला की उजेड रस्त्यावर पडायचा सोडून इकडेतिकडे फुटतो, बहुतेक समोरच्याच्या डोळ्यात. त्यांना लख्ख दिसते. आपल्याला दिसत नाही, आणि नेमक्या त्याच क्षणी रस्त्याच्या मधोमध म्हैस बसलेली असते. पावसाळ्यात डांबर जरा कोरडे आणि उबदार, म्हणून तिथेच बसतात बिचाऱ्या. काळी म्हैस, काळा रस्ता. वरचे रस्त्याचे दिवे दोन खांब सोडून एक. माझ्या दिव्यांना नावे ठेवणारे या खांबांना कधी नावे ठेवत नाहीत.

म्हापशाचा मेस्त्री मात्र वेगळा निघाला. बोलला कमी. बॉनेट उघडून मीटर काढला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट. पुढच्या बल्बवर, दिवे लावून, ११.९. "बाकीचे गेले खंय?" मी विचारले. त्याने स्टिअरिंगजवळच्या स्विचकडे बोट दाखवले. दोन्ही दिव्यांचे मिळून साधारण नऊ अँपिअर त्या सतरा वर्षांच्या स्विचमधून आणि बारीक वायरीतून जायचे, वाटेत तापून तापून संपायचे. दाब पंधरा टक्के कमी झाला तर बल्बचा उजेड पंधरा टक्के कमी होत नाही, चाळीसच्या आसपास होतो. मग त्याने बॅटरीपासून जाड वायर काढली, फ्यूज घातला आणि दोन रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, बसवले. जुना स्विच आता रिलेला फक्त इशारा करतो. बल्ब तेच. काचांना आठशे, दीड हजार, दोन हजार नंबरचा पॉलिशपेपर पाण्यातून मारला, वर कंपाउंड, वर लॅकर. "लॅकर मारला नाही तर चार म्हयन्यांनी परत येशात," एवढेच तो म्हणाला.

रिव्हर्सचा दिवा काढला तर २१ वॉटचा बल्ब आतून काळा झालेला. तारेचा धूर काचेला बसून बसून तसा होतो. आणि त्याची अर्थिंगची जागा गंजून पावडर झालेली. खारे वारे, पाऊस, सतरा वर्षे. खरवडून, पुसून, नवा बल्ब. नव्वद रुपये. नव्वद रुपयांच्या कामासाठी मी आठशेची केळी घेतली होती. बायको हे वाक्य दिवसातून दोनदा उच्चारते.

रात्री सोसायटीत आलो. गाडी पार्किंगमध्ये मागे घ्यायची. गिअर टाकला आणि मागे स्वच्छ पांढरा उजेड पडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भिंतीवरची शेवाळाची रेघ, पाण्याच्या पाइपाचा वाकडा सांधा, सगळे मागच्या काचेतून दिसले. मी मनातून हरखलो.

तेवढ्यात तळमजल्याचे शेजारी बनियनवर बाहेर आले. बाहेर आले, ते थेट गाडीच्या मागे, दिव्याच्या बरोबर समोर उभे राहिले आणि दोन्ही हात हलवत सुरू झाले, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या..."

"काका, बाजूला व्हा जरा."

"येऊ द्या हो, मी बघतोय ना!"

बनियनची प्रत्येक जाळी मला मोजता येत होती. भिंत तेवढी दिसत नव्हती.

"येऊ द्या... आणि ती केळी पिकली का हो अजून?"