पँट घातली म्हणून आदिवासीपण जातं?

काकांनी घरच्या ग्रुपवर ‘सत्य वाचा, पुढे पाठवा’ छापाचा मेसेज टाकला. म्हणे, आदिवासी आता पँट घालतात, मोबाइल वापरतात, म्हणजे आदिवासी उरलेच नाहीत. जमीन घेताना त्यांच्या ग्रामसभेला विचारणं हा नुसता उपचार. आणि आपण सगळेच मूळचे इथले, मग त्यांनाच वेगळं का विचारायचं? खाली चार अंगठे. एक माझ्या सख्ख्या भावाचा, म्हणून हा खटाटोप.

आधी ती पँट. काका, तुमचे आजोबा धोतर नेसायचे. तुम्ही जीन्स घातलीत म्हणून सातबाऱ्यावरचं नाव उडालं का? अनुसूचित जमात ठरते संविधानाच्या अनुच्छेद ३४२ खालच्या यादीवरून. हा वाद महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलाय. जमातीचे दाखले तपासणाऱ्या पडताळणी समित्या देवदेवता, लग्नाच्या रीती विचारायच्या; उत्तर जुळलं नाही की दावा फेटाळायच्या. २०११ मध्ये न्यायालयाने सांगितलं की स्थलांतर, आधुनिकीकरण, इतरांशी संपर्क यांमुळे लोक नव्या रीती उचलतात. मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी म्हटलं, ही आप्तभाव चाचणी, म्हणजे रीतींवरून जमात ओळखणं, निर्णायक कसोटी नाही. आपण मात्र ‘मुख्य प्रवाहात या’ म्हणून बोलावणार, आणि आले की विचारणार, तुम्ही आदिवासी कसले?

ग्रामसभेबद्दल मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्यात भूसंपादनाआधी ‘विचारविनिमय’ एवढंच आहे, संमती नाही. पण २०१३ च्या भूसंपादन कायद्याने अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे याच आदिवासी भागांत, ग्रामसभेची किंवा पंचायतीची पूर्वसंमती मागितली. शिवाय ओडिशातलं नियमगिरी आठवा. बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये वनहक्क कायद्याच्या आधारे ग्रामसभांपुढे ठेवला. जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली बारा ग्रामसभा भरल्या. बाराही नाही म्हणाल्या, आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने खाणीला परवानगी नाकारली. हा उपचार?

‘सगळेच मूळचे’ ही तर भारत सरकारचीच जुनी भूमिका. पण अशा आदिवासी भागांच्या कारभाराची पाचवी अनुसूची संविधानातच आहे, आणि तिच्यातल्या क्षेत्रांना ती वेगळं धरते.

राहिलं ‘वेगळं का विचारायचं’. काका, सोसायटीच्या पुनर्विकासाच्या कागदावर तुम्ही दोन वर्षं सही केली नव्हतीत. पार्किंगवरून.