जुनं पाणी ठेवलं म्हणजे बॅक्टेरिया टिकले, असं नाही

'टाकीतलं अर्धं जुनं पाणी राखून ठेवा, मग फिल्टर बिनधास्त बदला' असा सल्ला मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे आणि त्यापायी मासे मरतात, म्हणून हा खुलासा.

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट (तेही विषारीच) आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे बॅक्टेरिया पाण्यात फारसे नसतातच. ते चिकटून राहतात: फिल्टरमधल्या स्पंजवर, सिरॅमिक रिंगांवर, थोडे खडीवर. जुना स्पंज हाताला बुळबुळीत, तपकिरी लागतो ना? लोक घाण समजून फेकतात, पण त्या थरातच ते असतात.

तेव्हा नवा फिल्टर जुन्याशेजारीच लावा आणि दोन्ही चार ते सहा आठवडे एकत्र चालवा. जागा नसेल तर जुना स्पंज नव्या फिल्टरमध्ये घाला. तो वाळू देऊ नका. धुवायचा झालाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा. नळाखाली अजिबात नको, क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात.

बदलानंतर काही दिवस खाणं कमी घाला आणि अमोनिया, नायट्राइट तपासत राहा. आकडा शून्याच्या वर गेला किंवा मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, तर लगेच थोडं पाणी बदला, अर्थात क्लोरीन काढलेलं.